घटक ४ : निर्मित भाषेची स्वनिमव्यवस्था – एस्पेरान्तो

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला स्वन आणि स्वनिम यांतील भेद मराठीबाहेरील उदाहरणांनी स्पष्ट करता येईल, लघुतम युग्माच्या साहाय्याने एखाद्या भाषेतील स्वनिम निश्चित करता येतील, आणि कोणत्याही भाषेचे उच्चारण ‘सोपे’ किंवा ‘अवघड’ ठरवताना ते कोणाच्या कानाने ठरवले जाते हा प्रश्न विचारता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठीची स्वनिमव्यवस्था पाहिली. ती अभ्यासताना एक अडचण प्रत्येकाला जाणवते. मराठी ही आपली भाषा असल्यामुळे तिच्यातील भेद आपल्याला निसर्गदत्त वाटतात. ‘काल’ आणि ‘काळ’ हे वेगळे शब्द आहेत यात अभ्यासण्यासारखे काय आहे, असे मनात येते. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून या घटकात आपण मुद्दाम एक परकी भाषा घेणार आहोत. तीही अशी, की जिचा प्रत्येक स्वनिम एका माणसाने टेबलाशी बसून निवडला.

डॉ. एल. एल. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. लेखक म्हणून त्यांनी ‘डॉक्टर एस्पेरान्तो’ हे टोपणनाव घेतले होते. ‘एस्पेरान्तो’ म्हणजे ‘आशा बाळगणारा’. पुढे हे टोपणनावच भाषेला चिकटले. मराठीत ते पुष्कळदा ‘एस्पेरँटो’ असे लिहिले जाते. आपण मात्र येथे ‘एस्पेरान्तो’ असेच लिहू. त्याचे कारण विवेचनाच्या ओघात येईल.

लेखनाविषयी एक सूचना. एस्पेरान्तो रोमन लिपीत लिहितात. या घटकात तिचे शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यासाठी काही अक्षरांखाली नुक्ता वापरला आहे. ‘च़’ म्हणजे ‘चाक’, ‘चोर’ यांतील दंत्य उच्चार आणि नुक्त्याविना ‘च’ म्हणजे ‘चंद्र’, ‘चिमणी’ यांतील तालव्य उच्चार. ‘ख़’ म्हणजे जिभेचा मागचा भाग मृदुतालूजवळ नेऊन हवा घासत सोडल्यावर होणारा घर्षक; उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी तो आपण ऐकलेला असतो. ‘झ़’ म्हणजे ‘श’चा घोष जोडीदार. म्हणजे ‘श’ लांबवत म्हणावा आणि त्याच स्थितीत कंठातून नाद सोडावा. हा स्वन मराठीत नाही.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ निर्मात्याचा कान

झामेनहोफ यांचा जन्म १८५९ मध्ये ब्यालिस्टोक या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यूंची यिडिश अशा भाषा नांदत होत्या. ‘नांदत’ हा शब्द येथे खरे तर फार सौम्य आहे. भाषेनुसार माणसे विभागलेली होती आणि परस्परांविषयी संशय होता. लहानपणी पाहिलेल्या या दुराव्यातूनच आपल्याला सर्वांच्या सामाईक भाषेची कल्पना सुचली, असे झामेनहोफ यांनी पुढे एका पत्रात नमूद केले आहे. ते व्यवसायाने नेत्रवैद्य होते. भाषाविज्ञान हे शास्त्र म्हणून आज आपण शिकतो त्या स्वरूपात तेव्हा आकारालाही आले नव्हते, आणि ‘स्वनिम’ ही संकल्पना तर त्यानंतरच स्थिरावली. म्हणजे झामेनहोफ यांच्यापाशी सिद्धांत नव्हता. अनेक भाषा ऐकलेला कान होता.

हा कान त्यांनी निवडलेल्या वर्णमालेत स्पष्ट दिसतो. तिच्यात २८ अक्षरे आहेत: पाच स्वर आणि तेवीस व्यंजने (दोन अर्धस्वर धरून). इंग्रजीतील क्यू, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही चार अक्षरे वगळली आहेत. सी, जी, एच, जे आणि एस या पाच अक्षरांवर टोपीसारखे चिन्ह देऊन आणखी पाच व्यंजने साधली आहेत, आणि ‘यू’वर अर्धचंद्र देऊन एक अर्धस्वर. हा अर्धचंद्रवाला ‘यू’ बेलारुशियन लिपीतील तशाच अक्षराची आठवण करून देतो. ब्यालिस्टोकच्या परिसरात बेलारुशियनही बोलली जात असे.

स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. मराठीतील ‘अ’ येथे नाही. रोमन ‘ए’ दिसला की ‘आ’च म्हणावयाचा. ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलत नाही. ‘ए’ आणि ‘ओ’ कोणी तोंड थोडे अधिक उघडून म्हणतो, कोणी कमी. त्यानेही काही बिघडत नाही. आपण ज्याला मुक्त परिवर्तन म्हटले त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

व्यंजनांची मांडणी अशी करता येते. स्पर्श सहा: प, ब, त, द, क, ग. स्पर्शघर्षक तीन: च़, च, ज. घर्षक आठ: ओठ-दातांचा फ़, व, स, ज़, श, झ़, ख़, ह. यांपैकी ‘ज़’ हा ‘स’चा घोष जोडीदार आहे. अनुनासिके दोन: म, न. त्याशिवाय ल, र आणि दोन अर्धस्वर. ही मांडणी नजरेखालून घालताना एक रिकामी जागा दिसते. च आणि ज ही अघोष-घोष जोडी आहे. पण च़ एकटाच आहे, त्याचा घोष जोडीदार स्वतंत्र अक्षर म्हणून दिलेला नाही. ‘एद्ज़ो’ (पती) यासारख्या शब्दांत तो द आणि ज़ अशा दोन अक्षरांनी लिहिला जातो. योजून केलेल्या भाषेतही अशी रिक्त स्थाने राहतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४.३.२ चार शब्दांचा धडा

आता पुढील चार शब्द मोठ्याने म्हणा: सेलो, शेलो, च़ेलो, चेलो. पहिल्याचा अर्थ खोगीर, दुसऱ्याचा साल किंवा कवच, तिसऱ्याचा ध्येय आणि चौथ्याचा पेशी. चारही शब्दांत ‘एलो’ हा भाग समान आहे. भेद केवळ पहिल्या व्यंजनाचा. म्हणून स, श, च़ आणि च हे एस्पेरान्तोतील चार स्वतंत्र स्वनिम ठरतात. लघुतम युग्माची कसोटी आपण मराठीत ‘मन’ आणि ‘मण’, ‘ताक’ आणि ‘टाक’ यांवर लावली होती. तीच येथे एकाच वेळी चार शब्दांवर लागते.

मराठी भाषकाला वाटेल की हे आपल्याला सहज जमेल. च़ आणि च दोन्ही आपल्या तोंडी आहेतच. जगातील अनेक भाषकांना यातला एकच माहीत असतो. परंतु वरचे चार शब्द म्हणताना तिसऱ्या शब्दाशी बहुतेकांची जीभ अडखळली असेल, किंवा न अडखळता ‘चेलो’ म्हणून मोकळी झाली असेल. ध्येय सांगावयाचे होते, पेशी सांगितली गेली. असे का व्हावे?

उत्तर मराठीच्या व्यवस्थेत आहे. प्रमाण मराठीत शब्दाच्या आरंभी ‘इ’ किंवा ‘ए’ येणार असेल तर तालव्य च हाच येतो: चिमणी, चिखल, चेंडू, चेहरा. आ, ओ, उ यांच्या आधी देशी शब्दांत सामान्यतः दंत्य च़ येतो: चाक, चोर, चूक. ‘चोच’ या शब्दातील दोन्ही च दंत्य आहेत. पण अनेकवचनी ‘चोची’ म्हणताच दुसरा च तालव्य होतो. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ यांतही तेच. एवढेच असते तर च आणि च़ यांना आपण एकाच स्वनिमाची परिपूरक विनियोगातील स्वनांतरे म्हटले असते. पण संस्कृतातून आलेल्या शब्दांनी ‘आ’पूर्वीही तालव्य उच्चार आणला, आणि मग ‘जरा’ (थोडेसे) व ‘जरा’ (वार्धक्य), ‘जग’ (जिवंत राहा) व ‘जग’ (विश्व) अशी युग्मे उभी राहिली. मराठीत हे दोन स्वनिम आहेत, पण सर्व स्थानी त्यांचा विरोध नाही. शब्दारंभी ‘ए’पूर्वी तो नाहीसा होतो.

म्हणून मराठी भाषक एस्पेरान्तोतील ‘पाच़ो’ (शांती) हा शब्द निर्धास्तपणे म्हणतो, आणि ‘च़ेन्त’ (शंभर) किंवा ‘च़ित्रोनो’ (लिंबू) म्हणताना ‘चेन्त’, ‘चित्रोनो’ म्हणून जातो. एखादा स्वन भाषेत असणे आणि तो विशिष्ट स्थानी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत ‘स्वनिमव्यवस्था म्हणजे स्वनिमांची यादी’ असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी लिहितात. ते अपुरे का आहे, हे ‘च़ेलो’ म्हणून पाहिल्यावर कळते. यादीसोबत त्या स्वनिमांच्या विनियोगाचे नियमही व्यवस्थेचाच भाग असतात.

येथे लिपीविषयी एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण च, ज आणि झ या तीन अक्षरांना प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करीत नाही. एस्पेरान्तोचा नियम याबाबतीत अधिक कडक आहे: एका अक्षराला एकच उच्चार, एका उच्चाराला एकच अक्षर. तरी हा नियम स्वनिमांपुरताच पाळला जातो. ‘बान्को’ (बँक) या शब्दातील न हा क च्या शेजारामुळे अनेकांच्या तोंडी ङ होतो, आपल्या ‘रंग’ शब्दात होतो तसाच. ‘ओक्देक्’ (ऐंशी) घाईत ‘ओग्देक्’ ऐकू येतो. संस्कृतातील ‘वाक्’चे ‘वाग्देवी’त होते तेच हे. अक्षर स्वनिमाचे असते, स्वनांतराचे नसते.

४.३.३ ‘ख़’चे काय झाले

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. झामेनहोफ यांच्या वर्णमालेत टोपीवाल्या ‘एच’साठी ख़ हा घर्षक ठेवला होता. रशियन, पोलिश, जर्मन, यिडिश या सगळ्या भाषांत तो किंवा त्याच्या अगदी जवळचा स्वन आहे. ब्यालिस्टोकच्या माणसाला त्यात अवघड वाटण्यासारखे काही नव्हते. कसोटीला तो उतरतो का? उतरतो. ‘कोरो’ म्हणजे हृदय, ‘होरो’ म्हणजे तास आणि ‘ख़ोरो’ म्हणजे गायकवृंद. तीन व्यंजने, तीन अर्थ, तीन स्वनिम.

परंतु भाषा पसरत गेली तसे अनेक भाषकांना ख़ जड जाऊ लागला. इंग्रज, फ्रेंच, इटालियन यांच्या भाषांत तो नाही. शिवाय त्याचे शब्दही मोजकेच होते. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर त्या स्वनिमाचा कार्यभार अल्प होता. हळूहळू लोक त्याच्या जागी क म्हणू आणि लिहू लागले. ‘ख़ेमिओ’ (रसायनशास्त्र) याचे ‘केमिओ’ झाले, ‘आर्ख़ितेक्तूरो’ (वास्तुकला) याचे ‘आर्कितेक्तूरो’ झाले. चिनी माणसाला म्हणावयाचा ‘ख़िनो’ हा शब्द वेगळ्या वाटेने गेला आणि ‘चिनो’ झाला.

याच वेगाने ख़ सर्वत्र नाहीसा झाला असता, तर एवढे सविस्तर सांगण्याचे कारण नव्हते. पण काही शब्दांपाशी ही प्रक्रिया थांबली. ‘एख़ो’ म्हणजे प्रतिध्वनी. त्यात क घातला तर ‘एको’ होते, आणि ‘एको’ म्हणजे आरंभ. ‘चेख़ो’ म्हणजे चेक राष्ट्राचा माणूस. क घातला की ‘चेको’, म्हणजे बँकेचा धनादेश. ‘मोनाख़ो’ म्हणजे संन्यासी. त्याचे ‘मोनाको’ केले तर भूमध्य समुद्राकाठचे ते छोटे राज्य होते. हे शब्द ख़सह टिकून राहिले. ‘ख़ोरो’ची अडचण आणखी निराळी होती. त्याचे ‘कोरो’ करावे तर गायकवृंदाचे हृदय होते. तेव्हा त्याच्या जोडीला ‘कोरुसो’ हा लांब शब्द आला आणि रूढ झाला.

येथे काय घडले ते नीट पाहावे. लक्षावधी वेळा उच्चार करणाऱ्या माणसांनी, कोणतीही समिती न नेमता, असा निवाडा केला की जेथे भेदाची गरज नाही तेथे जड स्वन सोडावा आणि जेथे अर्थाचा गोंधळ होईल तेथे तो राखावा, नाहीतर शब्दच बदलावा. स्वनिमाची व्याख्या आपण ‘अर्थभेद करणारे लघुतम ध्वनिघटक’ अशी पाठ करतो. ही व्याख्या भाषकांच्या वर्तनात अशी प्रत्यक्ष काम करताना क्वचितच इतकी उघड दिसते. १९०५ मध्ये ‘फुन्दामेन्तो’ या ग्रंथाने एस्पेरान्तोचे मूळ नियम कायम केले होते आणि त्यात ख़ आहेच. नियम न मोडता वापर बदलला. १९०७ मध्ये काही सुधारकांनी ‘इदो’ ही वेगळी भाषा काढली. त्यांनी टोपीवाली अक्षरे आणि त्यांच्यासोबत ख़ही एका फटक्यात काढून टाकला. इदोचा निर्णय अधिक स्वच्छ होता यात शंका नाही. परंतु अभ्यासकाला शिकवते ती एस्पेरान्तोची ही रेंगाळलेली, शब्दागणिक ठरत गेलेली वाट.

४.३.४ आघात

आघाताविषयी थोडक्यात सांगता येते, कारण नियम एकच आहे: शब्दातील उपान्त्य अक्षरावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात. (येथे ‘अक्षर’ म्हणजे लिपीचिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवतीचा उच्चारघटक.) ‘एस्-पे-रान्-तो’ यात ‘रान्’वर, त्याला प्रत्यय लागून ‘एस्पेरान्तिस्तो’ (एस्पेरान्तो भाषक) झाले की आघात सरकून ‘तिस्’वर. ‘फामिलिओ’ (कुटुंब) यात तो ‘लि’वर येतो, कारण शेवटचे ‘ओ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. पण अनेकवचनाचा ‘य्’ आणि कर्माचा ‘न्’ लागल्याने अक्षरसंख्या वाढत नाही, म्हणून ‘एस्पेरान्तिस्तोय्न्’ यातही आघात ‘तिस्’वरच राहतो.

असा निश्चित आघात अर्थभेद करू शकत नाही. त्याचे कार्य सीमादर्शक आहे: आघात ऐकला की आणखी एक अक्षर, आणि मग शब्द संपणार, हे श्रोत्याला कळते. काव्यात नामाचा अंत्य ‘ओ’ गाळण्याची मुभा आहे, परंतु आघात पूर्वीच्या जागीच राहतो.

४.३.५ सोपे कोणासाठी?

सर्वांसाठी सोपी भाषा करणाऱ्यांना ‘सर्व’ म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. झामेनहोफ यांच्या आधी जर्मनीतील योहान मार्टिन श्लायर या कॅथलिक धर्मगुरूंनी १८७९ मध्ये ‘व्होलाप्युक’ ही भाषा मांडली. चिनी भाषकांना ‘र’ कठीण जाईल या विचाराने त्यांनी तो जवळजवळ टाळला; इंग्रजीतील जगवाचक ‘वर्ल्ड’ या शब्दाचे त्यांनी ‘व्होल’ केले. मात्र जर्मन भाषेतील ओठ गोल करून म्हणावयाचे पुढचे स्वर त्यांनी तसेच ठेवले, जे जगातील असंख्य भाषकांच्या तोंडी बसत नाहीत. चिनी माणसाची काळजी वाहणाऱ्या श्लायर यांना स्वतःचे स्वर अवघड असू शकतात हे जाणवले नसावे.

झामेनहोफ यांचेही काही प्रमाणात असेच झाले. ‘जाणणे’ या नित्याच्या क्रियापदाचे रूप ‘स्च़ीइ’ असे आहे. स आणि च़ यांची ही आरंभीची जुळणी स्लाव्ह भाषकाला खटकत नाही, आपल्याला खटकते. ‘आझ़ो’ (वस्तू) आणि ‘आजो’ (वय) यांत भेद करणारा झ़ आपल्यापाशी नाही; मराठी भाषक दोन्ही वेळा ‘आजो’ म्हणण्याचा संभव असतो. उलट जे भेद आपण लहानपणापासून जिवापाड सांभाळतो ते येथे निरुपयोगी आहेत. महाप्राण नाहीत, मूर्धन्य नाहीत; ळ आणि ण नाहीत. ‘कार’ आणि ‘खार’ यांत आपण करतो तो भेद एस्पेरान्तो ऐकतच नाही.

‘एस्पेरान्तो’ असे का लिहावे, याचे उत्तरही येथेच आहे. इंग्रजीच्या सवयीने आपला कान रोमन ‘टी’ला ट समजतो. एस्पेरान्तोत ट आणि त यांत विरोध नसल्याने ‘एस्पेरँटो’ म्हटल्याने अर्थ बिघडणार नाही. पण जीभ दातांपाशी नेऊन केलेला आपला साधा त त्या भाषेत पूर्णपणे चालतो. मग इंग्रजीच्या वाटेने जाण्याचे कारण काय?

आणखी एक गंमत नोंदवून हे विवेचन थांबवू. १९८४ च्या एका अमेरिकी अंतराळपटासाठी भाषाविज्ञ मार्क ओक्रँड यांनी ‘क्लिंगॉन’ ही परग्रहवासीयांची भाषा विकसित केली. तेथे हेतू अगदी उलट होता. भाषा परकी वाटली पाहिजे होती. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या स्वनांत मूर्धन्य ‘ड’ आहे आणि मूर्धन्य ‘ष’ही आहे. अमेरिकी प्रेक्षकाला जो ड अन्य ग्रहावरचा वाटावा, तो आपण ‘डाळ’ म्हणताना रोज उच्चारतो.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) ‘सेलो, शेलो, च़ेलो, चेलो’ या शब्दांच्या आधारे लघुतम युग्माची संकल्पना स्पष्ट करा.

२) मराठीतील च आणि च़ यांचा विरोध सर्व स्थानी का आढळत नाही? आपल्या बोलीतील किमान पाच उदाहरणे द्या. आपल्या बोलीत हा भेद प्रमाण मराठीहून निराळा असेल, तर उत्तर आपल्या बोलीप्रमाणेच लिहावे.

३) ‘ख़ेमिओ’ बदलले, पण ‘एख़ो’ टिकले. कार्यभार ही संकल्पना वापरून या घटनेचे स्पष्टीकरण करा.

४) निश्चित आघाताचे सीमादर्शक कार्य सोदाहरण लिहा.

उपक्रम : घरातील किंवा शेजारील पाच व्यक्तींना ‘च़ेन्त’, ‘पाच़ो’ आणि ‘च़ित्रोनो’ हे शब्द तोंडी ऐकवून त्यांच्याकडून म्हणवून घ्या. शब्द लिहून दाखवू नका. शक्य असल्यास यांतील एक व्यक्ती मराठीखेरीज अन्य मातृभाषा असलेली निवडा. कोणी कोणत्या ठिकाणी च़ चा च केला याची नोंद वहीत करा आणि ती संपर्कसत्राला सोबत आणा.